वर गेलेली नऊ माणसं

मंगळवारी सकाळी सात वाजता ब्रदरने स्वतःच्या नाकात काडी फिरवली, ती नळीत बुडवली, चार थेंब पट्टीवर टाकले आणि पट्टी औषधांच्या कपाटावर ठेवून तो रक्तदाबाचं यंत्र शोधायला गेला. दर मंगळवारचं हे काम. आधी सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी, मग न्याहारी. सवय इतकी अंगवळणी पडली होती की पट्टीकडे परत बघायचं असतं हेही कधीकधी विसरायला व्हायचं. त्या दिवशी भांडी घासणाऱ्या मावशींनीच हाक मारली, "ब्रदर, ही कोणाची हो? हिच्यावर दोन रेघा आल्यात."

एक रेघ म्हणजे ठीक. दोन म्हणजे साथ अंगात शिरली.

"माझी," ब्रदर म्हणाला आणि हातातलं यंत्र तसंच धरून स्टुलावर बसला.

दवाखान्यात पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात. हा आधी दवाखान्यातच होता, तिथून या वृद्धनिवासात आला आणि नावही बरोबर घेऊन आला. वय एकतीस. नव्वदीच्या आजीसुद्धा त्याला ब्रदरच म्हणायच्या आणि मग स्वतःच हसायच्या, "आमच्या आईला हा मुलगा फारच उशिरा झाला." सव्वीस म्हातारी माणसं तिथे राहत होती. कोणाला किती वाजता कुठली गोळी, कोणाचा कुठला गुडघा दुखतो, कोण रात्री दात पेल्यात ठेवतं आणि कोण उशीखाली, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं.

लशीचे दोन्ही डोस त्याने घेतले होते. मास्क तर झोपतानाच काय तो उतरायचा, असं त्याची बायको म्हणायची. कालपासून घसा जरा कोरडा वाटत होता, पण फरशी पुसायच्या औषधाने होत असेल म्हणून त्याने तिकडे लक्ष दिलं नव्हतं. आता स्टुलावर बसल्या बसल्या त्याला घशाची काळजी वाटत नव्हती. सोमवारी दिवसभरात आपण कोणाकोणाला हात लावला, कोणाला उठवलं, कोणाला भरवलं, याची यादी डोक्यात सुरू झाली होती. यादी संपेना.

आणि यादीत सगळ्यात वर बंबवाले आजोबा होते.

हे आजोबा अग्निशमन दलात चौतीस वर्षं होते. आगीच्या बंबावर चढून गावभर फिरलेला माणूस, म्हणून बंबवाले. त्यांच्या छातीत त्या चौतीस वर्षांचा धूर भरलेला होता. जिना चढले की शिट्टीसारखा आवाज यायचा. लस आली तेव्हा सगळ्यांनी हो म्हटलं, पण आजोबा हटून बसले. "माझ्या छातीत आधीच काय कमी भरलंय? त्यात आणखी नवीन कशाला?" वृद्धनिवास सांभाळणाऱ्या मेट्रनबाईंनी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ब्रदरने जेवणाच्या खोलीत सगळ्यांसमोर बाही वर करून पहिली सुई स्वतःला टोचून घेतली आणि आजोबांच्या समोर खुर्ची ओढून बसला.

"एकदा घ्या, आजोबा. मग काही होणार नाही. माझा शब्द."

आजोबा बाहीचं बटण सोडायला लागले होते. म्हणाले होते, "तुझ्या शब्दावर घेतोय. डॉक्टरच्या नाही."

त्याला आता आठ महिने झाले होते.

दहा वाजेपर्यंत सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. सव्वीसपैकी चौघांच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. बंबवाल्यांच्या पट्टीवर एकच होती, पण गुरुवारी परत तपासलं तेव्हा दुसरीही दिसली, फिकट. शुक्रवारपर्यंत आकडा नऊवर गेला. नवाच्या नवांनी लस घेतलेली होती.

पण ते पुढचं. मंगळवारीच मेट्रनबाईंनी डॉक्टरांना फोन लावला. मेट्रनबाई साठीच्या, शिस्तीच्या, कधी आवाज चढवायच्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, बाधित माणसं वेगळी काढा, वरच्या मजल्यावर ठेवा, त्यांच्यासोबत एक माणूस द्या, आणि त्या माणसाने खाली यायचं नाही. मेट्रनबाईंनी माणसं पुरवणाऱ्या तीन ठिकाणी विचारलं. साथीचं नाव काढताच प्रत्येकाला अचानक दुसरं काम आठवलं.

ब्रदर मागच्या दारी पायऱ्यांवर बसला होता. त्याला घरी जायला सांगितलं होतं. तो उठला, दारापर्यंत आला आणि आत न येता म्हणाला, "मी थांबतो वर."

"तू आजारी आहेस."

"म्हणूनच तर. दुसऱ्या कोणाला पाठवलं तर त्याला लागण व्हायची भीती. मला ती आधीच झालीये. आता कसली भीती?"

"अरे पण तुझा ताप..."

"नव्याण्णव आहे, बाई. नव्याण्णवला ताप म्हणतात का?"

मेट्रनबाईंनी फोन स्पीकरवर टाकला. डॉक्टरांनी खोकला, धाप काही आहे का ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "चालेल. पण ताप वाढला किंवा धाप लागली तर लपवायचं नाही. त्याच क्षणी मला फोन. आणि दुपारी दोन तास झोपायचं. हे औषध समज."

ब्रदरने बायकोला फोन केला. ती कपड्यांच्या दुकानात कामाला होती, घरी त्याच्या सासूबाईही राहत होत्या, आणि घर दोनच खोल्यांचं. बायको म्हणाली, "म्हणजे घरी येऊन आम्हाला द्यायचं नाही म्हणून तिथे राहतोयस, की त्यांच्यासाठी?"

"दोन्ही."

"खरं सांग."

"त्यांच्यासाठी," ब्रदर म्हणाला. "मी शब्द देऊन बसलोय गं."

"बरं," ती म्हणाली. "चार्जर पाठवते. आणि तुझी ती जाड चादर. आई म्हणत्येय, गरम पाण्याच्या गुळण्या कर."

आता वरच्या मजल्याबद्दल सांगायला हवं. त्या घरात वरचा मजला म्हटलं की माणसांच्या तोंडचं पाणी पळायचं. लस यायच्या आधी, साथीच्या पहिल्या लाटेत, सहा जणांना तिथे ठेवलं होतं. त्यातल्या पाच जणांना एकामागून एक रुग्णवाहिकेने नेलं. एकही परत आलं नाही. त्यांच्या मुलांना शेवटचं दिसावं म्हणून ब्रदरने त्यांच्या तोंडासमोर फोन धरला होता. त्यानंतर वरची खोली कुलूपबंदच होती. कोणी त्या मजल्याचं नावही घ्यायचं नाही.

म्हणून जेव्हा मेट्रनबाईंनी पहिल्या चौघांना सांगितलं की तुम्हाला आता वर जायचंय, तेव्हा टेलरकाका, जे जन्मभर लोकांचे कोट शिवत आले, ते सरळ रडायलाच लागले. "मला वर पाठवू नका हो. माझं अजून वय झालेलं नाही." ते पंच्याऐंशी वर्षांचे होते.

चौघांत गणिताच्या बाई होत्या. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, आता कमरेत वाकलेल्या, पण जीभ पट्टीसारखी सरळ. त्यांनी टेलरकाकांच्या खांद्यावर काठी टेकवली. "वर म्हणजे एकवीस पायऱ्या वर. त्याच्या वरचं नाही. मी गेल्या खेपेला जाऊन आलेय, रस्ता माझ्या ओळखीचा आहे. चला."

खरंच होतं ते. त्या सहांतली सहावी म्हणजे बाई.

वर लांबलचक खोली होती, एका भिंतीला पाच खिडक्या. ब्रदरने सगळ्या खिडक्या उघडल्या, जळमटं काढली, गाद्या उन्हात टाकल्या. पलंग मुद्दाम वेगळ्या रांगेत लावले, म्हणजे गेल्या खेपेची आठवण कमी येईल. जेवण खालून लिफ्टने यायचं. लिफ्ट एवढीशी की त्यात ताटंच मावायची, माणूस नाही. सकाळी सहा, दुपारी बारा, चार, रात्री नऊ, प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि ऑक्सिजनचा आकडा भिंतीवरच्या कागदावर लिहायचा. पंच्याण्णवच्या वर असेल तर बरं. ब्याण्णवच्या खाली गेला तर डॉक्टरांना फोन. ब्रदर स्वतःचाही आकडा लिहायचा, सगळ्यात खाली.

गुरुवारी बंबवाले आजोबा वर आले. एकवीस पायऱ्यांत तीनदा थांबले. ब्रदर धरायला पुढे झाला, पण त्यांनी त्याचा हात बाजूला केला आणि कठड्याला धरून चढले. शेवटच्या खिडकीपाशी पलंग होता, तिथे जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

"आजोबा, बोट द्या."

त्यांनी बोट दिलं. तोंड वळवलं नाही. पुढचे दोन दिवस हेच. बोट द्यायचे, गोळी गिळायचे, सूप प्यायचे, पण ब्रदरशी एक शब्द नाही. रागावून ओरडले असते तर ब्रदरला सोसलं असतं. ही गप्प पाठ मात्र त्याला खुपत राहिली.

बाकीच्यांचं, खरं सांगायचं तर, फार वाईट चाललं नव्हतं. ताप आला, दोन दिवसांत उतरला. नव्वदीच्या आजी दिवसभर झोपायच्या आणि जेवणाची ताटं आली की बरोबर जाग्या व्हायच्या. टेलरकाकांना खोकला होता, पण तिसऱ्या दिवशी त्यांनी ब्रदरच्या अंगातल्या संरक्षक झग्याकडे बघून नाक मुरडलं, "खांद्यात केवढं ढगळ शिवलंय! कोणी कापलं हे?" आणि ब्रदरच्या मनात आलं, काकांचं ठीक आहे.

तरी त्याला चैन नव्हतं. शनिवारी संध्याकाळी तो गणिताच्या बाईंच्या पलंगाजवळ आकडा लिहून घेत होता. एकदम म्हणाला, "बाई, मी आणलं हे. सगळ्यांच्यात पहिला मी होतो."

"कशावरून?"

"माझी पट्टी पहिली..."

"तुझी तपासणी पहिली झाली म्हणून तू पहिला सापडलास. वर्गात हजेरी घेताना पहिलं नाव ज्याचं, तोच शाळेत सगळ्यांच्या आधी आला असं असतं का? मला रविवारपासून अंगदुखी होती. मी कोणाला बोलले नाही. म्हटलं, म्हातारपण आहे, दुखणारच." बाईंनी चष्मा पुसला. "कदाचित मीच तुला दिलं असेल. मग मी काय, गळफास लावून घेऊ?"

ब्रदर हसला नाही, पण त्या रात्री त्याला झोप लागली.

रविवारी बंबवाल्यांच्या मुलाचा फोन आला. मुलगा लांबच्या शहरात, यायचं म्हटलं तरी दीड दिवस लागायचा. काळजीने त्याचा जीव अर्धा झाला होता, आणि ज्याच्यापर्यंत हात पोचत नाही त्याच्यावर माणूस ओरडतो, तसा तो ब्रदरवर ओरडत होता. आजोबांना ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर होता, त्यामुळे सगळ्या खोलीलाच ऐकू जात होतं.

"बाबा नको म्हणत होते! तुम्ही त्यांना लस घ्यायला लावलीत. आता नऊच्या नऊ आजारी आहेत, नऊच्या नऊ लस घेतलेले. मग त्या लशीचा उपयोग काय झाला, ते सांगा ना मला!"

हा प्रश्न ब्रदरही पाच दिवस स्वतःला विचारत होता.

"तो फोन इकडे दे," गणिताच्या बाई म्हणाल्या. फोन हातात घेऊन त्यांनी घसा खाकरला, आणि तो आवाज ऐकून पलीकडचा पन्नाशीचा माणूससुद्धा गप्प झाला. "हे बघा, मी शिक्षिका आहे. समजा एका वर्गातली सगळीच्या सगळी मुलं शिकवणीला जातात. त्यातली काही नापास झाली. तर नापास झालेली मुलं कुठली असतील?"

"म्हणजे? शिकवणीला जाणारीच."

"बरोबर. कारण न जाणारं मूल वर्गात नाहीच. मग शिकवणी फुकट गेली, असं म्हणायचं?"

"तसं नाही, पण..."

"नाही म्हणता येणार. शिकवणीचा गुण बघायचा तर न जाणाऱ्या वर्गाचा निकाल मागवावा लागेल. तो निकाल माझ्याजवळ आहे. गेल्या खेपेला याच खोलीत आम्ही सहा जण होतो. तेव्हा लस नव्हती. सहाव्या दिवशी या खोलीत किती माणसं उरली होती, माहितीये? दोन. दहाव्या दिवशी मी एकटी. आज सहावा दिवस आहे. नऊ माणसं आहेत, आणि त्यातली एक आत्ता माझ्या वाटणीचं बिस्किट खात्येय." नव्वदीच्या आजींनी हात मागे घेतला. "तेव्हा पोरा, काळजी कर, ती करायलाच हवी. पण या ब्रदरवर ओरडू नकोस. तो आम्हाला सोडून घरी गेलेला नाही."

मुलगा हळू आवाजात म्हणाला, "बाबांना सांगा, मी रोज फोन करीन."

"त्यांना ऐकू येतंय," बाई म्हणाल्या. "पाठ केली तरी कान असतातच."

मंगळवारी सकाळी बंबवाल्यांचा आकडा चौऱ्याण्णव होता. बारा वाजता ब्याण्णव. ब्रदरने त्यांना पोटावर झोपवलं, वर ठेवलेलं ऑक्सिजनचं छोटं यंत्र सुरू करून नळी नाकाला लावली आणि डॉक्टरांना फोन केला. चार वाजता, नळी असूनही, नव्वद.

डॉक्टर म्हणाले, "रुग्णवाहिका पाठवतोय. तिथे जास्त दाबाचा ऑक्सिजन मिळेल, सूज कमी करायची इंजेक्शनं मिळतील. वाट बघण्यात अर्थ नाही. तासाभरात नेऊ."

खिडकीतून ऊन आत आलं होतं. ब्रदर पलंगाजवळ खाली बसला, म्हणजे आजोबांच्या तोंडासमोर तोंड येईल. "आजोबा, तुम्हाला रुग्णालयात न्यायला गाडी येत्येय."

"मी जाणार नाही." पाच दिवसांत त्यांचं हे पहिलं वाक्य. श्वास घ्यायला थांबून ते पुढे म्हणाले, "त्या जिन्याने पाच जण गेले. मी खालून बघत होतो. मोजत होतो."

"मीही मोजत होतो."

"मला इथेच राहू दे."

टेलरकाकांनी खोकला दाबून धरला होता. ब्रदरच्या जिभेवर तेच जुनं वाक्य आलं होतं, काही होणार नाही आजोबा, माझा शब्द. इतकं सोपं होतं ते. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"तू शब्द दिला होतास," आजोबा म्हणाले.

"दिला होता."

"काही होणार नाही म्हणाला होतास."

"म्हणालो होतो. ते चुकलं माझं. मला ते माहीत नव्हतं, कोणालाच नव्हतं, तरी मी छातीठोकपणे सांगितलं. तुम्ही लस घ्यावी म्हणून सांगितलं. लस घ्या म्हणालो त्याची मला लाज नाही. खोटा शब्द दिला त्याची आहे."

आजोबांनी मान थोडी वळवली. आता त्यांचे डोळे दिसत होते. "आणि आज काय सांगतोस? काही होणार नाही?"

"आज नाही सांगत. मला माहीत नाही, आजोबा. तुमची छाती आधीच अधू आहे, त्यामुळे मला भीतीही वाटत्येय. पण मला जे माहीत आहे तेवढं सांगतो. गेल्या खेपेला ते पाच जण गेले तेव्हा दोन-तीन दिवसांतच त्यांचा आकडा सत्तरवर आला होता. निम्म्यांना शुद्ध नव्हती. तुमचा सहाव्या दिवशी नव्वद आहे आणि तुम्ही माझ्याशी भांडताय. तुमचं शरीर झगडतंय. त्याला थोडी मदत लागणार, ती मदत तिथे आहे. इथे नाही. इथे ठेवलं तर मी फक्त आकडे लिहीत बसेन." त्याने भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. "मला ते नकोय."

आजोबांनी नाकातली नळी नीट केली. मग बोलायला लागले, तुकड्या तुकड्याने.

"आमच्याकडे नवीन भरती झालेले जवान... खिडकीत अडकलेल्या माणसाला खालून ओरडायचे. घाबरू नका, काही होणार नाही. मी त्यांना शिव्या घालायचो." श्वास. "असं म्हटलं की माणूस तिथेच थांबतो. त्याला वाटतं, होईल सगळं आपोआप. त्याला सांगायचं, आग आहे, जिना जळतोय, माझा हात धर आणि ये. मग तो येतो."

त्यांनी चादरीखालून हात बाहेर काढला. आकडा बघायला देतात तसं एक बोट नव्हे, सगळा हात. ब्रदरने तो धरला.

"खुर्चीत बसवून नको नेऊस," आजोबा म्हणाले. "स्ट्रेचर मागव. मी जिना चालणार नाही, सांगून ठेवतो."

पांढऱ्या झग्यातले दोघे वर आले. त्यांनी आजोबांना ऑक्सिजनचा मुखवटा लावून स्ट्रेचरवर घेतलं आणि जिन्याकडे निघाले. पहिल्या पायरीवर आजोबांचा मुखवट्यामागून आवाज आला, "अरे, असं नाही! पाय पुढे! खाली उतरताना पाय पुढे, डोकं मागे आणि वर! कोणी शिकवलं तुम्हाला?" त्या दोघांनी निमूट स्ट्रेचर फिरवलं. ब्रदरला एकवीस पायऱ्यांच्या खाली जायची परवानगी नव्हती. तो वरच्या पायरीवर उभा राहून गाडीचं दार बंद झाल्याचा आवाज ऐकत राहिला.

पुढचे दिवस हळू सरकले. ब्रदर रोज सकाळ-संध्याकाळ रुग्णालयात फोन करायचा. पहिल्या दिवशी तिथली सिस्टर म्हणाली, "आत्ताच काही सांगता येत नाही." दुसऱ्या दिवशी, "जसे होते तसेच आहेत." ब्रदरने बाईंना विचारलं, जसे होते तसेच म्हणजे चांगलं की वाईट? बाई म्हणाल्या, "ज्या उदाहरणाचं उत्तर अजून आलेलं नाही त्याला चूक की बरोबर म्हणत नाहीत. जेव."

तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाली, "ते मुखवटा काढून आम्हाला आग विझवायचं यंत्र चुकीच्या ठिकाणी टांगलंय म्हणून बोलत होते. त्यांना जरा समजावता का? मुखवटा काढायचा नाही म्हणून?"

ब्रदरने फोन ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्याचा जीव भांड्यात पडला होता, पण सगळ्यांसमोर रडायला नको म्हणून तो खाली अंगणातल्या दोऱ्यांवर वाळणाऱ्या चादरी मोजत राहिला.

सगळं गोडच झालं असं नाही. नव्वदीच्या आजी त्या आजारातून उठल्या, पण दोन गोष्टी विसरायला लागल्या, मग चार. ब्रदरला कधी ब्रदर म्हणायच्या, कधी खरंच आपल्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारायच्या, जो सत्तर वर्षांपूर्वी गेला होता. ब्रदर ओ द्यायचा. टेलरकाकांना सुईत दोरा ओवता येईना, हात थरथरायचा. बोटांना ताकद यायला महिने लागतील असं डॉक्टर म्हणाले. पण तेराव्या दिवशी आठही जणांच्या आणि ब्रदरच्याही पट्टीवर एकच रेघ आली, आणि आठही जण आपापल्या वेगाने, दोघं काठीने, एक कठड्याला धरून, बाकीचे ब्रदरच्या खांद्याला धरून, खाली उतरून जेवणाच्या खोलीत गेले. तिथे बसलेल्यांनी आधी नुसतंच बघितलं. त्या जिन्यावरून बाई सोडून कोणी आपल्या पायांनी खाली आलेलं त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. मग भांडी घासणाऱ्या मावशींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मेट्रनबाईंनी, शिस्त बाजूला ठेवून, त्यांना साथ दिली.

बंबवाले आजोबा त्यानंतर तीन दिवसांनी आले. पाच किलो वजन उतरलेलं, गाल आत गेलेले. दारापासून खुर्चीपर्यंतची सात पावलं त्यांनी चालून दाखवली. बरोबर त्यांचा मुलगा होता. दीड दिवसाचा प्रवास करून तो रुग्णालयातच पोचला होता. मुलाने वडिलांची पिशवी खाली ठेवली आणि तो ब्रदरसमोर उभा राहिला. म्हणाला, "मी त्या दिवशी फार बोललो."

"वडील आजारी होते तुमचे," ब्रदर म्हणाला. "बसा. चहा घेणार?"

"तिथले डॉक्टर म्हणाले, लस नसती तर या छातीने पहिले चार दिवसच काढले नसते. त्यांनी आणखी काय काय सांगितलं, मला सगळं कळलं नाही. पण एवढं कळलं."

आजोबांनी खुर्चीतून मान वर केली. "चहा मलाही," ते म्हणाले. "आणि बिनसाखरेचा देऊ नकोस. तिथे सतरा दिवस दिलाय त्यांनी."

"बाबा, आठ दिवस होतात."

"मला सतरा वाटले."

त्या दुपारी मेट्रनबाईंनी ब्रदरला रजेवर पाठवलं. नको म्हणायची सोय नव्हती; त्यांनी त्याची पिशवी स्वतः भरून दारात ठेवली होती.

तो चालतच घरी गेला. उन्हात चालताना पोटऱ्या दुखायला लागल्या, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपणही आजारी होतो. बायको दुकानातून लवकर आली होती. दार उघडून तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "किती वाळलायस रे! तिथे माणसांना जेवायला घालतात की नाही?" सासूबाईंनी आतूनच विचारलं, गुळण्या केल्या होत्या का. त्याने हो सांगितलं. अर्ध्याच केल्या होत्या, पण तेवढं चालायचं.

तो जेवला, पुन्हा वाढून घेतलं, आणि पलंगावर आडवा झाला तो दुसऱ्या दिवशी दुपारीच उठला. उशाशी फोन वाजत होता.

"हॅलो," पलीकडून आवाज आला, बारीक, पण ठाम. मध्येमध्ये शिट्टी वाजत होती. "तुझ्या जागी बदलीवर एक सिस्टरबाई आल्यात. रक्तदाबाचा पट्टा असा करकचून बांधतात की हात काळानिळा पडतो. बोलायची सोय नाही, मोठ्या दवाखान्यातल्या आहेत म्हणे."

"त्यांना सांगा ना, आजोबा, एक बोट आत जाईल एवढा सैल ठेवा म्हणून."

"सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही नर्स आहात का?" पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "तू कधी येतोस?"

"सोमवारी."

"आज काय वार?"

"गुरुवार."

आजोबांनी मनातल्या मनात दिवस मोजले असावेत. "बरं," ते म्हणाले. "झोप झाली का तुझी?"

"झाली नाही अजून पुरती."

"मग झोप. मी ठेवतो."